फोटोतले प्रवाळ आणि हातातला माल

जालन्याच्या मोंढ्यात माल पाहिल्याशिवाय भाव बोलण्याची पद्धत नाही. मोसंबीच्या ढिगात हात घालून खालचे फळ वर काढले जाते. २०१८ साली सुरू झालेल्या येथील रेशीमकोष बाजारातही व्यापारी कोष हाताळून पाहतो, मगच बोली लावतो. बियाण्यांच्या या गावात तर शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पिशवीवर छापलेली टपोरी बोंडे हे केवळ चित्र असते. खरी हकीकत पिशवीला लावलेल्या टॅगवर असते. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणे, पांढरा म्हणजे पायाभूत. चित्र पाहून बियाणे घेणाऱ्याला जालन्यात कोणी शहाणा म्हणत नाही.

परंतु हाच जाणता ग्राहक मोबाइलच्या पडद्यावर एखादे रंगीत चित्र दिसले की खात्री न करता पैसे पाठवतो. कपडे, चपला, घड्याळे यांच्या बाबतीत हे रोज घडते. मात्र एक माल असा आहे की ज्यात फोटोची फसवणूक सर्वांत सोपी आणि तिचे परिणाम सर्वांत महाग आहेत. तो माल म्हणजे प्रवाळ. काचेच्या मत्स्यपेटीत, म्हणजे अॅक्वेरियममध्ये ठेवण्यासाठी जिवंत प्रवाळ, सजावटीसाठी वाळलेले पांढरे प्रवाळ, दुकानाच्या भिंतीवर टांगण्यासाठी ‘इंद्रजाल’ आणि अंगठीसाठी मरजान अशा चार रूपांत हा माल ऑनलाइन विकला जातो. मत्स्यपेटीचा छंद वाढला आहे, आणि जोडधंदा म्हणून माशांचे दुकान टाकावे असे काही तरुणांच्या मनात आहे. त्यांनी भांडवल गुंतवण्यापूर्वी पुढील माहिती नीट वाचावी.

रंग प्रवाळाचा की दिव्याचा?

प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. तो समुद्रातील अगदी लहान प्राण्यांचा समूह आहे. दगडी जातीचे प्रवाळ आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा तयार करतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा प्रवाळाला देते. हे शेवाळ तपकिरी रंगाचे असते. त्यामुळे साध्या पांढऱ्या उजेडात पुष्कळसे प्रवाळ तपकिरी, मळकट हिरवे किंवा फिकट दिसतात.

मग ऑनलाइन फोटोत तेच प्रवाळ निऑनच्या पाटीसारखे कसे झळकते? प्रवाळाच्या अंगात काही प्रथिने अशी असतात की निळा प्रकाश पडला की ती हिरवा, नारिंगी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. विक्रेता पेटीवर केवळ निळे एलईडी दिवे लावतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे नारिंगी काच धरतो. त्यामुळे निळा उजेड अडतो आणि चमक तेवढी उरते. त्यानंतर मोबाइलमध्येच रंगाची तीव्रता वाढवली जाते. अशा तीन पायऱ्यांनी साध्या तुकड्याचे जडजवाहीर तयार होते. यातली पहिली पायरी खोटी म्हणता येत नाही, कारण निळ्या दिव्याखाली प्रवाळ खरोखरच चमकते. तिसरी पायरी सरळ लबाडी आहे. आणि ग्राहकाला फोटोवरून एकीतून दुसरी वेगळी काढता येत नाही.

त्यातच हा जिवंत माल आहे. पाण्यातील क्षार, उजेड आणि अन्न बदलले की त्याचा रंग बदलतो. विक्रेत्याच्या पेटीत गुलाबी असलेला तुकडा ग्राहकाच्या पेटीत महिन्याभरात तपकिरी होऊ शकतो. मग विक्रेता म्हणतो, तुमचे पाणी वाईट. ग्राहक म्हणतो, तुमचा फोटो खोटा. दोघांपैकी कोण खरे, हे ठरवायला साक्षीदार कोणी नसतो.

वाटीएवढे दिसते, बोटाच्या पेरभर निघते

दुसरी युक्ती आकाराची. प्रवाळ तोडून त्याचे तुकडे विकले जातात. मोठ्या मूळ समूहाचा फोटो दाखवायचा आणि पाठवायचा त्यातला एक इंचाचा तुकडा, ही नेहमीची पद्धत आहे. जवळून फोटो घेणाऱ्या भिंगामुळे बोटाच्या पेराएवढा तुकडाही ताटाएवढा दिसतो. फोटोत मोजपट्टी किंवा नाणे ठेवलेले नसते. वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत ‘चित्र प्रातिनिधिक आहे’ असे लिहिलेले असते. प्रातिनिधिक म्हणजे हा तो माल नव्हे. ज्या प्रामाणिक विक्रेत्याला जे दिसते तेच द्यायचे असते, तो प्रत्येक नगाचा वेगळा फोटो, पांढऱ्या उजेडात, मोजपट्टीसह देतो.

एखाद्याला फोटोप्रमाणे माल मिळाला तरी जालन्यात तो जगवणे ही स्वतंत्र गोष्ट आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीला साडेतीन किलो खास मीठ लागते, आणि पाणी बदलताना पुन्हा लागते. ते पाणीही साधे चालत नाही. आरओ यंत्रातून काढावे लागते, आणि त्यात बरेच पाणी वाया जाते. ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा हिशेब घरोघरी ठेवला जातो, तेथे हा विचार आधी करावा. प्रवाळाला साधारण २४ ते २६ अंश तापमान मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि वीजही जाते. पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची किंमत फोटोखाली लिहिलेली नसते.

जे फोटोत दिसतच नाही

रंग आणि आकार यांपेक्षा मोठी गोष्ट तिसरीच आहे. हा माल विकण्याची आणि बाळगण्याची परवानगी आहे का, हे कोणत्याही फोटोत दिसत नाही.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वाघ आणि काळवीट ज्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्याच अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचे मोठे गट घालण्यात आले. चुन्याचा सांगाडा करणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीच्या नळ्यांसारखे दिसणारे तांबडे प्रवाळ आणि पंख्याच्या आकाराचे समुद्रपंखे हे सर्व त्यात आले. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

येथे तीन गोष्टी व्यापाऱ्यांनी लक्षात घ्याव्यात. पहिली, माल जिवंत असो वा मेलेला, कायद्याला फरक पडत नाही. मत्स्यपेटीत शोभेसाठी ठेवलेला पांढरा, वाळलेला प्रवाळाचा गड्डाही त्यात येतो. दुसरी, माल ताब्यात सापडला की तो बेकायदा आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तो कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. ‘मी ऑनलाइन मागवला होता’ हा त्यावरचा जबाब नव्हे. तिसरी, ‘आयात केलेला आहे’ एवढे शब्द पुरेसे नाहीत. दगडी प्रवाळाचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. पाठवणाऱ्या देशाचा परवाना आणि आपल्याकडील आयातीचे कागद नसतील तर तो माल चोरवाटेने आलेला समजावा. २०२४ च्या नियमांनुसार या करारातील आणि आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंद करणे बंधनकारक झाले आहे.

मऊ अंगाचे काही प्रकार पहिल्या अनुसूचीत नावाने नाहीत, हे खरे. पण फोटो पाहून मऊ कोणता आणि दगडी कोणता हे किती जण ओळखतील? आणि मऊ म्हणून मागवलेल्या पार्सलमध्ये दगडी निघाला तर पार्सलवर नाव आणि पत्ता घेणाऱ्याचाच असतो.

लबाड विक्रेता प्रवाळ का निवडतो, याचे उत्तरही येथेच आहे. ज्या मालाची विक्रीच बेकायदा, त्याची फसवणूक झाली तरी ग्राहक तक्रार करायला जात नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार ज्या कराराचा हेतू बेकायदा तो करारच निरर्थक. पैसे गेले तरी दाद मागताना आधी स्वतःलाच उत्तर द्यावे लागते. म्हणून असे विक्रेते निर्धास्त असतात. पैसे घेऊन काहीच न पाठवणाऱ्यांना तर हा धंदा फारच सोयीचा आहे.

इंद्रजाल : जडीबुटीच्या नावाने प्रवाळ

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या भागात प्रवाळ सर्वांत जास्त पोचते ते मत्स्यपेटीसाठी नव्हे, तर ‘इंद्रजाल’ या नावाने. काचेच्या चौकटीत बसवलेली, काळ्या जाळीसारखी, झाडाच्या वाळलेल्या फांदीसारखी दिसणारी ही वस्तू जत्रेत, पूजासाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही विकली जाते. दुर्मीळ वनस्पती, डोंगरातील मुळी, दुकानात ठेवली की भरभराट, घरात ठेवली की नजर लागत नाही, असे तिचे वर्णन केलेले असते. ती वनस्पती नाही आणि डोंगरातली तर नाहीच. ते काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा असते, म्हणजे पहिल्या अनुसूचीतील प्राणी. वनविभागाच्या कारवायांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत असा माल जप्त झालेला आहे.

असाच प्रकार २०१७ साली ‘हाथाजोडी’ बाबत उघडकीस आला. संकेतस्थळांवर पवित्र मुळी म्हणून विकली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराच्या शरीरातील वाळवलेला अवयव निघाली. दोन्ही प्रकरणांत फोटो खरा होता. फोटोखालचे नाव खोटे होते. फोटोची फसवणूक अशीही असते.

आपल्या समाजातही नजर आणि करणीच्या भीतीने अशा वस्तू घेणारे लोक आहेत. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे, हा आपला ईमान असताना दुकानाच्या बरकतीसाठी भिंतीवर एक मेलेला समुद्री प्राणी टांगायचा आणि वर सात वर्षांच्या कैदेचा धोका पत्करायचा, यात ना दीन आहे ना दुनियादारी. ज्यांच्या दुकानात किंवा घरात अशी चौकट असेल त्यांनी ती दुसऱ्याला विकू नये वा देऊ नये. जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.

अंगठीतील मरजानची गोष्ट वेगळी आहे. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख आलेला असल्याने आपल्याकडे त्याला मान आहे. दागिन्यांतील तांबडे प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि इटलीतील तोरे देल ग्रेको हे गाव त्याच्या कामासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. पण ऑनलाइन फोटोत खरे मरजान, रंगवलेले हलके प्रवाळ, काच आणि प्लॅस्टिक ही चारही सारखीच लाल दिसतात. रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला आणि पक्के बिल नसेल तर ते लाल खडे आहेत एवढेच समजावे आणि तेवढाच भाव द्यावा.

कायदेशीर माल फसवा निघाला तर

कायद्याने चालणारा माल म्हणजे सिलिकॉनचे किंवा रेझिनचे कृत्रिम प्रवाळ. मत्स्यपेटीच्या शोभेसाठी ते उत्तम, सामान्य माशांसोबत गोड्या पाण्यातही चालते, आणि कोणाचा जीव जात नाही. परंतु याच्या फोटोतही जिवंत समुद्रतळाचे चित्र दाखवून तळहाताएवढा रबरी झुबका पाठवणारे आहेत. अशा वेळी ग्राहकाच्या हातात कायदा आहे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांनुसार जाहिरातीत दाखवलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एक महिन्यात निवारण केले पाहिजे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, ग्राहक जेथे राहतो तेथेच, म्हणजे जालन्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

परंतु दुकानदारांनी एक फरक ओळखावा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा हा या कायद्याच्या भाषेत ग्राहक नाही. त्याला आधार १९३० च्या मालविक्री कायद्याचा. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे आणि नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याप्रमाणे असलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. न पाहता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही, हे त्याचे कलम ४१ आहे. म्हणून घाऊक माल मागवताना वर्णन, माप आणि नमुन्याचा फोटो लेखी घ्यावा. केवळ फोनवरील बोलणे दिवाणी न्यायालयात सिद्ध करणे कठीण जाते.

शरीअतचा दृष्टिकोन

न पाहिलेल्या मालाचा प्रश्न आपल्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वीच विचारात घेतला आहे. हनफी मतानुसार न पाहिलेली वस्तू विकत घेता येते, पण पाहिल्यानंतर ती ठेवायची की परत करायची हा अधिकार खरेदीदाराला असतो. याला ‘खियार-ए-रूयत’ म्हणतात. शाफई मत अधिक कडक आहे. त्यात न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच मान्य होत नाही. आपल्या मराठवाड्यातील मुसलमान बहुतांशी हनफी आणि कोकणातील शाफई; पण धोका देऊन विकणे दोघांच्याही मते हरामच आहे. मालातील ऐब लपवला असेल तर परतीचा वेगळा हक्क आहे, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. वरचे कोरडे आणि आतले भिजलेले. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. दुसऱ्या एका हदीसमध्ये बकरी किंवा उंटीण विकण्यापूर्वी तिचे दूध न काढता सड फुगवून दाखवण्यास मनाई केली आहे. आपल्या गुरांच्या बाजारातही कास तुंबवून म्हैस विकणारे असतात. निळ्या दिव्याखाली काढलेला आणि वर रंग वाढवलेला फोटो ही तुंबवलेली कासच आहे. पहिल्या दिवशी भरलेली दिसते, तिसऱ्या दिवशी खरे कळते.

हे केवळ प्रवाळ विकणाऱ्यांना लागू नाही. जालना, भोकरदन, अंबड, परतूर कोठेही पाहा, अनेक तरुण आणि घरबसल्या भगिनी मोबाइलच्या स्टेटसवर दुसऱ्याच्या मालाचे फोटो टाकून विक्री करतात. मेहनतीची रोजी आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जो माल आपल्याजवळ नाही तो विकू नये, अशीही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मार्ग आहे. आपण मालक नसून दलाल आहोत, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, आपली दलाली ठरवावी, फोटो मूळ विक्रेत्याचा असेल तर तसे म्हणावे. बारकाव्यांसाठी आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना विचारावे.

खबरदारीचे मुद्दे

१. जिवंत किंवा वाळलेले खरे प्रवाळ, इंद्रजाल, समुद्रपंखा यांच्या वाटेला जाऊ नये. कोणी कागद असल्याचे सांगितले तर ते वनविभागाला दाखवून खात्री होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

२. इतर कोणत्याही मालाचा फोटो साध्या उजेडात, मोजपट्टीसह, शक्य तर चालता व्हिडिओ मागावा. द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला सोडावे.

३. विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि माल कोणत्या देशातील आहे हे तपासावे. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या वेळीच काढून ठेवावा. नंतर पान बदलले जाते.

४. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

५. मत्स्यपेटीचे दुकान टाकायचे असेल तर गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती, खाद्य, पेट्या बनवणे आणि दुरुस्ती यांतच पुरेसे काम आहे. तेच आधी पक्के करावे.

दुकानदारी फोटोवर उभी राहत नाही. ती परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर उभी राहते. जो विक्रेता आपल्या मालाचा ऐब स्वतःहून दाखवतो त्याचे एखादे गिऱ्हाईक त्या दिवशी जाईल, पण त्याचा शब्द मोंढ्यात चालेल. खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले आणि दोष उघड केला तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, ही प्रेषितांची (स.) शिकवण काउंटरवर बसणाऱ्यासाठी आहे, तशीच मोबाइलवर विकणाऱ्यासाठीही आहे.